लाल ठिपक्याचं चाक

सोमवार, ४ मे १९६४

रेमेई, ही वही हातात आली की तू पहिल्यांदा हेच विचारशील, की ही कुणाची? तुझीच गं बाई. जिनिव्हाच्या गाडीत चढताना तूच माझ्या हातात कोंबलीस. "आजी, रोज चार ओळी लिहीत जा, सुट्टीला आले की वाचीन." गाडी हलली, हात हलले, आणि आपल्या आजीला अक्षर येत नाही हे काही तुला आठवलं नाही. चोवीस वर्षं माझ्या हातची वाढलीस तरी विसरलीस! छत्री विसरलीस, नखं रंगवायची लाल बाटली विसरलीस, त्याबद्दल मी काही बोललेच नसते.

तर लिहितायत बाल्दिरी. खालच्या मजल्यावरचे, तारखात्यातून निवृत्त झालेले. मोबदला म्हणजे एक कॉफी आणि तीत बडीशेपेच्या दारूचे दोन थेंब. अट अशी, की मी म्हणेन ते सगळं लिहायचं. पण हाडात तार मुरलेली! मी दहा शब्द बोलले की चार उतरवतात. बाल्दिरी, मला वाचता येत नाही, पण लांबी दिसते. मघाशी मी एवढं बोलले आणि तुमची ओळ अर्ध्यावरच बसली. पुन्हा लिहा.

आता कामाचं. आपल्या 'तलाया' कारखान्याला अमेरिकेहून चाळीस मोटारसायकलींची मागणी आलीय. जुने मालक थोरले गालिफा गिरण्यांसाठी सूत कातायच्या चात्या करायचे. युद्धानंतर पेट्रोल मिळेना म्हणून ते सायकलींकडे वळले. मग विहिरीवरच्या पंपाचं इंजिन सायकलीला बांधून पाहिलं, आणि ती पहिली मोटारसायकल चर्चच्या चढावर ढकलत न्यावी लागली. तिची दोन्ही चाकं तुझ्या आजोबांनी याच स्वयंपाकघरात बांधली, पलीकडून स्पोक मी ओढले. आजोबा गेले, चाकं राहिली. आता कारखान्यात अडीचशे माणसं आहेत, पण चाकं अजून आम्ही सात बायकाच घरी बांधतो. बाकीच्या सहाजणी रिमवर आपापला आकडा कोरतात. मला आकडा येत नाही, म्हणून मी एका स्पोकच्या आवळायच्या टोपीवर लाल ठिपका देते. हल्ली तुझ्याच बाटलीतला. चांगला टिकतो.

चोवीस तारखेला बार्सिलोनाच्या डोंगरावर सहा तासांची शर्यत आहे. 'तलाया'तर्फे तुझा भाऊ नार्सिस धावणार. मागचं चाक माझंच हवं म्हणतो. पुढचं मी मार्चमध्येच दिलं होतं.

कॅनरी आजही गप्प. तू गेल्यापासून रुसलाय.

गुरुवार, ७ मे

आज फोरमन ग्राउ स्वतः आला, आणि येताना एक चाक घेऊन आला. ते त्याने टेबलावर ठेवलं. मागचं चाक, लाल ठिपक्याचं. रिमला तीन ठिकाणी चिरा, आणि दोन स्पोक टोपीसकट रिम फाडून बाहेर आलेले.

"गाडीवर कोण होतं?" मी विचारलं.

"नार्सिस. वळणावर. कोपर सोललंय, बाकी काही नाही. सरळ रस्त्यावर असता तर…" पुढचं त्याने तोंडातल्या तोंडात म्हटलं. हल्ली सगळेच पुटपुटतात. फोनवर तर एकाचंही बोलणं कळत नाही.

मी चाक हातात घेतलं. बावीस वर्षांत माझं एक चाक परत आलेलं नाही, रेमेई. तुझ्या आजोबांची तीन आली होती. (हे लिहू नका, बाल्दिरी.)

मी ग्राउला स्पष्ट सांगितलं, की दोष स्पोकांचा आहे. नवा माल आल्यापासून तार मेलेली आहे. पान्याने टिचकी मारली की चांगला स्पोक टिंग म्हणतो, हे थप म्हणतात. आवाज चढेपर्यंत मी आवळते. पूर्वी तीन वेढ्यांत गायचा, आता पाच लागतात. भिकार तार आणायची आणि वर म्हातारीच्या दारात यायचं!

ग्राउ म्हणाला, "बाकीच्या बायकांची तक्रार नाही."

"त्यांना कान कुठेत? त्या मोजपट्टी लावून चाक बांधतात. मी ऐकून बांधते."

तो विचारात पडला. दुसरीकडून तार मागवतो म्हणाला. मी जिंकले, पण चाक तो टेबलावरच ठेवून गेला आणि रात्रीचं जेवण मला त्याच्याशेजारी बसून करावं लागलं.

मंगळवार, १२ मे

नवी तार आली. हीसुद्धा मेलेलीच. या देशात आता लोखंडही आळशी झालंय.

सकाळपासून पाच चाकांचा आउट काढला, डुलणं घालवून सरळ केली. मनगट सुजलंय. हात म्हणतो पुरे, कान म्हणतो अजून अर्धा वेढा. आमच्या घरात कायम कानाचं ऐकलं गेलं. तुझे आजोबा म्हणायचे, हात दमतो म्हणून खोटं बोलतो, कानाला खोटं बोलायचं कारण नाही.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा प्रसादाची घंटी वाजवायलाच विसरले. सगळे गुडघ्यावर आणि मी एकटी उभी! शेजारच्या फिलोमेनाने, आमच्या सातजणींतल्याच, माझा झगा ओढला. आणि हो, यंदा रातकिडे नाहीत. दुष्काळ पडणार बहुतेक.

बाल्दिरींनी आज मध्येच विचारलं, "तेक्लाबाई, पक्षी कधीपासून गात नाही?"

"महिना झाला असेल."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. का? त्याला तार करणार आहात?"

ते पिंजऱ्याकडे पाहत बसले. कॉफी गार झाली. या माणसाने आज नवा शर्ट घातला होता, आणि मंगळवारी आमच्या गावात काहीही नसतं.

शुक्रवार, १५ मे

नार्सिस शर्यतीचं चाक न्यायला आला. कोपरावर पट्टी. मी विचारलं दुखतं का, तर म्हणाला, "दुखतं ते ग्राउच्या बोलण्याने." टोमॅटो चोळलेल्या पावाचे चार तुकडे खाल्ले, उभ्याउभ्याच.

मग त्याने चाक उचललं, कानाशी धरलं आणि माझ्याच पान्याने एकेका स्पोकला टिचकी मारत गेला. तुझे आजोबा मारायचे तशी. मग थांबला.

"आजी, हे जरा जास्तच चढं नाही लागत?"

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही गं. नेहमीपेक्षा चढं लागतंय, एवढंच."

"नेहमीची तार राहिलीय का? तू गाडी पळव, चाक माझ्यावर सोड."

तो हसला. माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं, चाक खांद्याला अडकवलं आणि जिना उतरला. जिन्यात काहीतरी म्हणाला, ते ऐकू आलं नाही. मागच्या आठवड्यात फुटलेलं चाकही माझंच होतं, तरी हा पोरगा हसत हसत दुसरं घेऊन गेला. मला उगीचच राग आला. कुणाचा, ते कळलं नाही.

बाल्दिरी, तुम्ही असे काय बघताय? लिहा ना.

बुधवार, २० मे

आज बाल्दिरींनी पेन खाली ठेवलं. मी सांगत होते, की उद्या दुपारी नार्सिस गाडीसोबत कारखान्याच्या ट्रकमधून बार्सिलोनाला जाणार, कॅनरी मात्र अजून मुका.

"तेक्लाबाई," ते म्हणाले, "तो आत्ता गातोय."

"कोण?"

"तुमचा पक्षी. पंधरा मिनिटं झाली. मी रोज ऐकतो. खाली माझ्या खोलीतसुद्धा ऐकू येतो."

मी म्हटलं, "या वयात माझी चेष्टा करता?"

ते उठले. पिंजरा खाली काढला, दार उघडलं आणि माझं बोट धरून आत नेलं. तीस वर्षांत हा माणूस मला शिवलेला नाही. बोट त्यांनी पक्ष्याच्या गळ्याला टेकवलं.

गळा थरथरत होता, रेमेई. चोच उघडी, सगळं अंग गात होतं. आणि मला फक्त खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज येत होता.

 पाद्रीबाबा, रातकिडे, तार… एकेक करून सगळे माझ्यासमोर आले आणि हसून गेले. लोखंड मेलेलं नव्हतं. स्पोक गात होते, आणि मला ऐकू येत नाही म्हणून मी त्यांना आवळत होते. पाच वेढे! एवढ्या ताणाने रिम तडकणारच.

आणि असंच एक चाक तुझ्या भावाच्या गाडीला लावलेलं आहे.

हे सगळं लिहा, बाल्दिरी. एक शब्द गाळू नका.

गुरुवार, २१ मे

बाल्दिरी सकाळी कारखाना उघडताच जाऊन आले. दुपारी जायचा तो ट्रक पहाटेच निघून गेला होता. ग्राउसुद्धा गेला. कारखान्यात उरलेल्या कुणालाही शर्यतीच्या गाडीला हात लावायचा हुकूम देता येत नाही.

मग तार. तार हे बाल्दिरींचं राज्य. मी सांगायला लागले, "माझ्या लाडक्या नार्सिस, तुला कसं सांगू…" तर हात वर करून म्हणाले, "तीन शब्द." आणि लिहिलं, 'मागचं चाक बदल.' खाली 'आजी.'

संध्याकाळी उत्तर आलं. बाल्दिरींनी ते दोनदा वाचलं. 'चाक झकास. घाबरू नकोस. टोमॅटो खातोय.'

त्याला वाटलं, मी घाबरले. आजी घाबरली की तार करते, असं त्याला वाटलं! आणि ऐकू येत नाही हे मी तारेत घातलं नव्हतं. का नाही घातलं? बाल्दिरींनी विचारलं होतं. मीच म्हटलं होतं, तार पोस्टातली चार माणसं वाचतात, फिलोमेनाचा जावई तिथेच आहे, उद्या गावभर होईल की तेक्ला बहिरी झाली, आणि मग चाकं कोण देईल मला? असं मी म्हटलं. पोराच्या मानेपेक्षा मला माझा कान मोठा वाटला. हेही लिहा.

शुक्रवार, २२ मे

आज आम्ही चाक बांधलं.

माझ्याकडे हब होता, रिम होती, छत्तीस स्पोक होते. नव्हता तो कान. तो बाल्दिरींचा घेतला. त्यांना खालच्या अंगणात खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले. मी टिचकी मारायची, त्यांनी सांगायचं.

"खाली. अजून खाली. आता शेजारच्यासारखा. हा चढला, अर्धा वेढा सोडा."

"नक्की?"

"बाई, एकतीस वर्षं मी तारेच्या टकटकीवर जगलो. वादळात माद्रिदचा माणूस शिंकला तरी मला कळायचं."

पहिल्यांदा माझा हात ऐकेना. ते 'बस' म्हणायचे आणि मला स्पोक मेलेला वाटायचा. दोनदा मी गुपचूप पाव वेढा दिला. दोन्ही वेळा डोळे न उघडता म्हणाले, "तेक्लाबाई, लबाडी." तिसऱ्यांदा मी पाना हातातून सोडून दिला आणि बोटांनी स्पोक दाबून पाहिला. बोटांना तो बरोबर लागला. बोटांना तो बारा तारखेलाही बरोबर लागला होता. हात सांगत होता पुरे, रेमेई. मी त्यालाच खोटं ठरवलं.

सात तास लागले. एरवी मी अडीच तासांत करते. फिलोमेना भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय गं, आता गाणं शिकतेस का?" मी म्हटलं, "हो, तू नाच." पण ती खाली उतरली नाही, बघतच राहिली. तिला कळलं असणार.

उद्याच्या गाडीने आम्ही निघतोय. चाक पोत्यात गुंडाळलंय. बाल्दिरींनी बूट पॉलिश केलेत.

सोमवार, २५ मे

काल सकाळी साडेआठला आम्ही डोंगरावर पोचलो. शर्यत दहाला. 'तलाया'च्या मांडवात शिरायला पोलीस सोडेना. बाल्दिरींनी पोतं उघडून चाक दाखवलं आणि म्हणाले, "ही बाई या गाडीची अर्धी मालकीण आहे." मालकीण! माझ्या पायात घरातल्या सपाता होत्या.

नार्सिस हातमोजे चढवत होता. "आजी? तू इथे? कुणी मेलं का?"

"अजून नाही. मागचं चाक काढ."

ग्राउ पुढे आला. "तेक्लाबाई, दीड तासात गाडी रेषेवर हवी. चाकावर काल चाळीस फेऱ्या झाल्यात. केसाइतका आउट नाही. तुमची अडचण काय?"

"काढा म्हणते ना."

"कारण सांगा. मालक सेन्योर गालिफा वर बसलेत, मी त्यांना काय सांगू? आजीला स्वप्न पडलं?"

मेकॅनिक हसले. नार्सिसही थोडा हसला, माझ्यासाठी लाजून. म्हणाला, "आजी, तुझंच चाक आहे गं. तुझ्या चाकावर बसलो की मला भीती वाटत नाही."

रेमेई, तेच तर.

मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही."

"काय?"

"मी बहिरी झालेय! महिनाभर मला एकही स्पोक ऐकू आलेला नाही. ते चाक मी आंधळ्यासारखं आवळलंय!"

मी बहुतेक फार मोठ्याने म्हटलं. बाल्दिरी म्हणतात, शेजारच्या मांडवातले इटालियनसुद्धा वळून बघायला लागले. हसणं थांबलं हे मला दिसलं. नार्सिसने हातमोजे काढले आणि ग्राउला न विचारता पाना उचलला.

टायर उतरवला, ट्यूब काढली, आतली रबरी पट्टी सोलली. रिम चकचकीत. ग्राउने डोळ्याशी धरून फिरवली. "काही नाही," तो म्हणाला. "धडधाकट आहे. फुकट घालवला वेळ."

मी रिम मांडीवर घेतली आणि अंगठ्याचं नख आतल्या बाजूने फिरवलं. पहिल्या भोकाशी काही नाही. दुसऱ्याशी नाही. तिसऱ्याशी नख अडलं. सातव्याशी अडलं. अकराव्याशी अडलं. मी ग्राउचा अंगठा धरून तिथे ठेवला. फार जाड अंगठा आहे त्याचा, पण त्यालाही लागलं. तो बाजूच्या खोक्यावर बसला आणि टोपी काढली.

"आमचं राखीव चाक?" नार्सिसने विचारलं.

"तेही तिचंच," ग्राउ म्हणाला. "याच महिन्यातलं."

मी पोत्याकडे बोट दाखवलं. "हे बाल्दिरींनी ऐकलंय."

नार्सिसने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही?"

"तारखातं," बाल्दिरी ताठ उभे राहून म्हणाले. "एकतीस वर्षं."

नार्सिसने चाक कानाशी धरलं. छत्तीसच्या छत्तीस टिचक्या मारल्या. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, दुसरं काय करणार? शेवटच्या स्पोकपर्यंत त्याने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. मग मान हलवली आणि टायर चढवायला घेतला.

सहा तास मी दोरीला धरून उभी होते. गाड्यांची घरघर मला येते, जाड आवाज येतात. पण कुठली आमची ते ओळखता येईना. मी फक्त वळणाकडे बघायची. आमच्या गाडीची लाल टाकी दिसली की श्वास सोडायची, मग पुन्हा धरायची. गर्दी फार होती, म्हणून बाल्दिरींनी माझा हात धरून ठेवला. दुपारनंतर गर्दी कमी झाली, पण ते सोडायला विसरले. विसराळूपणा तुझ्या एकटीचाच नाही.

पाचव्या तासाला लाल टाकी आली नाही.

दुसरे आले, तिसरे आले, इटालियन दोनदा आले. ग्राउ रस्त्याच्या कडेने धावत सुटला. मी बाल्दिरींना म्हटलं, "काय ऐकू येतंय? घंटा वाजतेय का? रुग्णवाहिकेची?" ते म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "खरं सांगा, आता लबाडी तुम्ही नका करू." ते म्हणाले, "बाई, मी तुमच्यासाठी ऐकतोय. नाही वाजत."

मग तो वळणावर दिसला. पायी. गाडी ढकलत, घामाने निथळत आणि तोंडाने अखंड शिव्या देत. गिअरबॉक्स गेला होता. तिसरा गिअर तुकडे होऊन तेलात पडला होता. सहाव्या क्रमांकावर होता पोरगा, आणि सगळं गेलं. शिवी मला एकही ऐकू आली नाही, पण ओठांवरून सगळ्या कळल्या. मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

दोन्ही चाकं गोल होती.

गुरुवार, ४ जून

अमेरिकेचे खोके बंदरावरून परत आणले. लाल ठिपक्याची सगळी चाकं उतरवून आमच्या अंगणात टाकलीत. अठरा आहेत. धाकटे गालिफा स्वतः आले, चाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तेक्ला, वडील असते तर ओरडले असते." मी म्हटलं, "ओरडा, तेवढं ऐकू येईल." हसले नाहीत. पण काम काढून घेतलं नाही.

शर्यतीची चाकं मात्र आता फिलोमेना बांधणार. ग्राउने मला हे सांगताना इतकं मोठ्याने सांगितलं, की फिलोमेनाला तिच्या घरात कळलं. तिने संध्याकाळी डोकावून विचारलं, कसं आवळतेस ते दाखवशील का? दाखवलं. तिचा हात चांगला आहे. हे तिला सांगितलेलं नाही.

अठरापैकी सात चाकं झाली. बाल्दिरी सकाळी आठला येतात, खुर्ची ओढतात, डोळे मिटतात. ग्राउने त्यांना मजुरी देऊ केली, ती घेत नाहीत. म्हणे, ऐकण्याचे पैसे सरकारने आधीच दिलेत. असा कसा माणूस? जिना चढून रोज येतो, दिवसभर टिचक्या ऐकतो आणि वर ही वही लिहितो. दुसरं काही कामच नसेल बिचाऱ्याला.

नार्सिस म्हणतो, तिकडे स्वित्झर्लंडमध्ये कानात घालायचं यंत्र मिळतं, तुला लिहू का. मुळीच नको. मी ते कानात घालीन आणि पहिल्यांदा फिलोमेना ऐकू येईल. त्यापेक्षा खायला पाठव. चॉकलेट नको, दाताला चिकटतं. ते भोकाभोकांचं चीज पाठव, एक किलो, सालीसकट, ओल्या फडक्यात गुंडाळून. मागच्या वेळी तू साबणाबरोबर पाठवलंस आणि आम्ही आठवडाभर आंघोळीचा वास खाल्ला. आणि एक बरणी आंबवलेल्या काकड्यांची, बारीक, बडीशेपेच्या पानांतल्या. ती वेगळी बांध आणि वर बाल्दिरींचं नाव घाल. नको म्हणतायत, मान हलवतायत, पेन थांबलंय. लिहा हो. मोठी बरणी, रेमेई.